सभाधीटपणा: शाळेतल्या नाट्यवर्गाची पार्श्वभूमी

सहावी-सातवीच्या नाट्यवर्गात पहिले काही आठवडे नाटक दिसतच नाही. बाकं भिंतीला सरकवलेली असतात. मुलं गोल करून उभी असतात, नाहीतर सगळी एकदम खोलीभर चालत असतात आणि शिक्षकांनी टाळी वाजवली की जागच्या जागी पुतळे होतात. संवाद नाहीत, पाठांतर नाही, रंगभूषा नाही. घरी विचारणा होते, "मग नाटक कधी बसवणार?" प्रश्न रास्त आहे. नाटक म्हटलं की बघायला कुणीतरी हवं, आणि इथे तर बघणाऱ्यांना मुद्दाम दाराबाहेर ठेवलंय. असं का झालं याचा माग काढत साडेचारशे वर्षं मागे गेलं, की नेमकं उलटं चित्र समोर येतं. तिथे बघणारे होते, म्हणूनच शाळेत नाटक होतं.

'आत्मविश्वास' हा शब्द हल्ली शाळांच्या माहितीपत्रकांत हमखास सापडतो. त्याच्या शेजारी आपला जुना 'सभाधीट' ठेवून बघा. आत्मविश्वास एकट्याचा, आतल्या आत असू शकतो. सभाधीट व्हायला समोर सभा लागते. जुन्या युरोपातल्या शाळांना हवा होता तो हा दुसरा गुण. मुलगा पुढे वकील, धर्मोपदेशक किंवा दरबारी होणार, म्हणजे त्याचं पोट बोलण्यावर. रोममध्ये पहिल्या शतकातच क्विंटिलियनने वक्तृत्वाच्या शिक्षणावर बारा खंड लिहिले, आणि त्यात सांगून ठेवलं की मुलाला उच्चार आणि हावभाव शिकायला विनोदी नटाकडे पाठवावं. पण बेतानेच. मुलाने बायकी आवाज काढू नये, म्हाताऱ्यासारखं थरथरू नये, दारुड्याची नक्कल उचलू नये. नाटक हवं पण नाटकीपणा नको, ही शाळांची धास्ती तेव्हापासूनची.

इंग्लंडमध्ये १५६० साली वेस्टमिन्स्टर शाळेच्या नियमांत नाटक थेट लिहूनच टाकलं गेलं: दर नाताळात विद्यार्थ्यांनी एक लॅटिन नाटक करायचं. कारणही दिलं होतं. मुलांना नीट उच्चारांची आणि शोभेल अशा हावभावांची सवय व्हावी. त्याच सुमाराला लंडनच्या मर्चंट टेलर्स शाळेत रिचर्ड मल्कास्टर मुख्याध्यापक होते. ते दरवर्षी मुलांना घेऊन पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारात नाटकं करत. त्यांच्या हाताखाली शिकलेला जेम्स व्हाइटलॉक पुढे न्यायाधीश झाला. आपल्या आठवणींत तो लिहितो, की या नाटकांतून मास्तरांनी आम्हाला चांगली वागणूक शिकवली आणि धिटाई शिकवली. इंग्रजीत त्याने वापरलेला शब्द आहे 'ऑडॅसिटी'. मला हा शब्द फार आवडतो. हल्लीच्या गुळगुळीत 'कॉन्फिडन्स'मध्ये नसलेली धार त्यात आहे, थोड्या आगाऊपणाच्या जवळ जाणारी. राणीसमोर उभं राहून दुसऱ्याचे शब्द ठणकावून म्हणायचे, तर बारा वर्षांच्या पोरात तेवढा आगाऊपणा लागणारच.

जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या पंथाच्या शाळांनी हेच पुढे युरोपभर नेलं. १५९९च्या त्यांच्या अभ्यासनियमांत नाटकाला जागा आहे, पण लॅटिनमध्ये, क्वचितच, आणि स्त्रीपात्र किंवा स्त्रीवेश अजिबात नको या अटींवर. नियम कडक होते, तरी त्या शाळांमध्ये शिकलेल्यांत कॉर्नेय, मोलिएर आणि व्हॉल्तेर असे फ्रेंच नाटककार निघाले. चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांनी १६५०च्या दशकात हंगेरीत शिकवताना आणखी एक पाऊल टाकलं. आपलं लॅटिनचं पाठ्यपुस्तकच त्यांनी नाट्यरूपात मांडलं आणि मुलांकडून करून घेतलं.

या सगळ्यात एक गोष्ट कुणी लिहून ठेवलेली नाही. जो मुलगा बोलताना अडखळायचा, त्याचं काय व्हायचं? राणीपुढे न्यायचं तर मास्तर आधीच धीट असलेली पोरं निवडणार, हे उघड आहे. आपल्या ओळखीच्या स्नेहसंमेलनातही मुख्य भूमिका कुणाला मिळते ते आठवून बघा. ज्याला धिटाईची गरज नाही, त्याच्याच वाट्याला धिटाईचं शिक्षण जास्त येतं. मुली तर चित्रातच नव्हत्या.

हा कोन बदलायला विसावं शतक यावं लागलं, आणि बदल एका खेड्यातल्या शाळेतून आला. ससेक्समधल्या सॉम्पटिंग गावात हॅरिएट फिनले-जॉन्सन मुख्याध्यापिका होत्या. इतिहास, भूगोल, भाषा त्या मुलांकडून नाटकं करवून शिकवत. नाटकं मुलंच रचत, सामानही तीच जमवत. पाहुण्यांना दाखवायला हे नाही, करणाऱ्याला त्यातून शिकता यावं म्हणून आहे, असा त्यांचा आग्रह होता. १९११ साली त्यांनी आपली पद्धत पुस्तकात मांडली. केंब्रिजच्या पर्स शाळेत हेन्री कॉल्डवेल कुक यांनी मुलांसाठी रंगमंच आणि कपडे असलेली एक खोलीच सजवली. शेक्सपिअर बाकावर बसून वाचायचा नाही, हातात पुस्तक घेऊन उभं राहून करायचा, हा तिथला शिरस्ता. १९१७ साली त्यांचंही पुस्तक आलं. अमेरिकेत विनिफ्रेड वॉर्ड यांनी दोन्ही दगडांवर पाय ठेवला: वर्गात प्रेक्षकांशिवायचं, मुलांनी उत्स्फूर्त रचलेलं नाटक, आणि गावात प्रेक्षकांसाठी वेगळी बालरंगभूमी.

प्रेक्षकांविरुद्धची सर्वांत ठाम बाजू मांडली पीटर स्लेड यांनी. बर्मिंगहॅमच्या शिक्षण विभागात नाट्यसल्लागार असताना त्यांनी खेळणारी मुलं वर्षानुवर्षं न्याहाळली, आणि १९५४च्या पुस्तकात सांगितलं की मुलाचं नाटक ही मोठ्यांच्या नाटकाची कच्ची आवृत्ती नव्हे, ती स्वतंत्र कला आहे. मुलं आपणहून खेळतात तेव्हा गोलात, खोलीभर पसरून खेळतात. त्यांना पडदा असलेल्या रंगमंचावर चढवलं की ती एका बाजूला तोंड करून मिरवायला शिकतात आणि खेळातली तल्लीनता जाते. १९६७ साली ब्रायन वे यांनी याच विचाराला वर्गात चालतील अशा साध्या व्यायामांचं रूप दिलं. आंधळेपण म्हणजे काय हे सांगू नका. डोळे मिटून खोलीतून बाहेरचा रस्ता शोधायला लावा. सगळी मुलं एकाच वेळी, प्रत्येक जण आपापलं. कुणी कुणाकडे बघत नाही. सरकवलेली बाकं, खोलीभर चालणं, गोल, यातलं बरंच काही इथून आलेलं आहे.

सहा-सात वर्षांच्या मुलांबाबत मला स्लेड पूर्ण पटतात. बारा-तेराव्या वर्षी मात्र एक अडचण उभी राहते. १९६७ सालीच अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी या वयाच्या एका वृत्तीला नाव दिलं: काल्पनिक प्रेक्षक. आपण काय घातलंय, आपला आवाज कसा फुटतोय, नाकावर पुटकुळी आलीय, हे सगळं जग बघतंय असं या वयाच्या मुलाला वाटत असतं. म्हणजे खऱ्या बघणाऱ्यांना बाहेर काढून दार लावलं, तरी मुलांच्या डोक्यात प्रेक्षागृह भरलेलंच. पहिलीतलं पोर कोंबडा हो म्हटलं की कोंबडा होतं. सातवीतलं पोर आधी आजूबाजूला बघतं.

या पेचावरचा उपाय मला शिकागोत सापडतो. व्हायोला स्पोलिन तरुणपणी नेवा बॉइड यांच्याकडे समूहखेळ शिकल्या. पुढे मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेत त्या नाट्यपर्यवेक्षक झाल्या. समोर स्थलांतरितांच्या वस्तीतली मुलं, घरच्या भाषा वेगवेगळ्या. भाषणं देऊन अभिनय शिकवणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी खेळ रचायला घेतले. १९६३ साली त्या खेळांचं पुस्तक निघालं. नटांनी ते डोक्यावर घेतलं, आणि त्यांच्या मुलाने सहसंस्थापक म्हणून उभी केलेली 'सेकंड सिटी' ही विनोदी नाट्यसंस्था त्याच खेळांवर वाढली. पण मूळ खेळ मुलांच्या गरजेतून जन्मले होते.

त्यातला अगदी सुरुवातीचा व्यायाम जवळून बघण्यासारखा आहे. वर्गाचे दोन भाग करायचे. एका भागाने ओळीत, बाकीच्यांकडे तोंड करून उभं राहायचं. करायचं काहीच नाही, नुसतं उभं राहायचं, समोरच्यांनी बघायचं. अर्ध्या मिनिटात चुळबुळ सुरू होते. कुणी फिदीफिदी हसतं, कुणी या पायावरून त्या पायावर होतं, हातांचं काय करावं ते कुणालाच कळत नाही. शिक्षक तसंच राहू देतात. सगळी ओळ पुरती अवघडली, की मग एक काम देतात: जमिनीवरच्या फळ्या मोजा, किंवा समोरच्या खुर्च्या मोजा. मोजायला लागताच खांदे उतरतात, हात आपोआप जागेवर येतात, चेहरा मोकळा होतो. मग गट बदलतात, आणि दोन्ही गटांचं झालं की विचारतात: आधी पोटात कसं वाटत होतं? मान कशी होती? मोजताना काय झालं?

इथे प्रेक्षकाला हाकललेलं नाही, की "घाबरू नकोस" असा उपदेशही नाही. बघणारे समोर बसलेले असतानाच मुलाचं लक्ष स्वतःवरून काढून कामावर ठेवलं आहे. शिवाय अवघडलेपण एकट्याचं राहत नाही. संपूर्ण ओळ एकदम अवघडते, आणि थोड्या वेळाने बघणारेच ओळीत उभे असतात.

डोरोथी हीथकोट यांनी हेच लक्ष वळवणं वेगळ्या वाटेने साधलं. यॉर्कशरमधल्या लोकरीच्या गिरणीत चौदाव्या वर्षी कामाला लागलेल्या या बाई. गिरणीच्या मालकाने त्यांची नाट्यशाळेची फी भरली, आणि जमलं नाही तर माग तुझी वाट बघतायत, असं सांगून पाठवलं. माग वाट बघत राहिले. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून न्यूकॅसलमध्ये शिक्षक घडवताना हीथकोट यांनी शिक्षकालाच पात्र केलं. बाई वर्गात शिरायच्या त्या बाई म्हणून नाही, तर मदत मागायला आलेलं कुणीतरी म्हणून. आणि मुलं त्या विषयातली जाणकार. ज्याला उत्तरं येतात तोच मदत मागतोय म्हटल्यावर मागच्या बाकावरचं पोरही तोंड उघडतं. आपण अभिनय करतोय हे त्याच्या ध्यानातही नसतं.

१९८०च्या दशकात उलट वारं सुटलं. एवढी प्रक्रिया, मग नाट्यकला कुठे गेली, असा सवाल डेव्हिड हॉर्नब्रुक यांच्यासारख्या इंग्लंडमधल्या टीकाकारांनी केला. त्यात १९८८च्या शिक्षण कायद्यानंतर तिथल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात नाटकाला स्वतंत्र विषयाचं स्थान मिळालं नाही. ते इंग्रजी भाषेच्या पोटात गेलं. तेव्हापासून नाट्यवर्गाला आपली उपयुक्तता सतत सिद्ध करावी लागते, आणि 'आत्मविश्वास वाढतो' हे त्याचं ठरलेलं उत्तर झालं.

ते उत्तर कितपत खरं? भाषेच्या बाबतीत पुरावा भक्कम आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, ८० अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत वर्गातल्या नाट्यीकरणाने भाषिक क्षमता वाढतात असं दिसलं. आत्मविश्वासाबाबत २०१०चा एक मोठा प्रकल्प आहे: १२ देश, १३ ते १६ वयाची ४,४७५ मुलं. नाट्यवर्गातल्या मुलांना वाचताना, बोलताना, समजून घेताना जास्त विश्वास वाटतो, असं त्यात नोंदलं आहे. पण ते मुलांनी स्वतःबद्दल सांगितलेलं, हे ध्यानात ठेवलेलं बरं. नाट्यवर्गाला येणारी काही मुलं मुळातच बोलकी असतात, हेही.

हे का घडावं, याची उकल मला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांच्या १९७७च्या मांडणीत सापडते. 'मला जमेल' ही भावना चार ठिकाणांहून येते, असं ते म्हणतात: स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमलेलं बघणं, कुणी दिलेला धीर किंवा शाबासकी, आणि आपल्या शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. यात जमलेलं काम सर्वांत वजनदार. स्पोलिन यांच्या त्या व्यायामात चारांपैकी तीन आहेत, आणि जो नाही तो नेमका शाळांचा आवडता: शाबासकी.

आता त्या घरच्या प्रश्नाकडे. बरेच शिक्षक हल्ली मधला रस्ता काढतात. आधी अर्धा वर्ग अर्ध्या वर्गापुढे, मग शेजारच्या तुकडीला बोलावून, गोलातच, पडद्याशिवाय. पालकांच्या खुर्च्या सर्वांत शेवटी. त्या दिवशी काही मुलं पुन्हा अडखळतात, ओळी विसरतात, आणि विंगेतून कुणीतरी त्यांना पुढचा शब्द देतं.