जुने ट्रॅक्टर (सोलापूर जिल्हा)

सोलापूर जिल्ह्यात 'जुना ट्रॅक्टर' म्हणजे तीस-चाळीस वर्षांपूर्वी घेतलेला, बहुधा 25 ते 40 अश्वशक्तीचा आणि अजून कामावर असलेला ट्रॅक्टर. हार घालून मिरवणुकीत फिरवला जाणारा ट्रॅक्टर या नोंदीचा विषय नाही.

आयशरचा पहिला ट्रॅक्टर 1959 मध्ये फरिदाबादला तयार झाला. चेन्नईची टॅफे ही कंपनी 1960 मध्ये सुरू झाली व तिने मॅसी फर्ग्युसन बाजारात आणला. पिंजोरच्या एचएमटीचे, चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर कंपनीच्या बनावटीचे ट्रॅक्टर 1971 पासूनचे, तर मोहालीचा स्वराज 1974 चा. 1980 मध्ये भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले. कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला आणि ट्रॅक्टरचे कामही वाढले.

पलटी नांगर किंवा मोठा रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार) ओढायला आता 45-50 अश्वशक्तीची नवी गाडी लागते. काळी राने तापून घट्ट झाली की जुन्याचा तिथे निभाव लागत नाही. त्याच्या वाट्याला उभ्या जागची आणि हलकी कामे येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची मळणी, मग कडबा कुट्टी, शेणखताची ट्रॉली, पेरणीआधीची कुळवणी. वर्षात मोजके दिवस चालणाऱ्या या कामांसाठी कर्ज काढून दुसरी गाडी घेणे परवडत नाही. जुन्याचे हप्ते कधीच फिटलेले असतात.

तो टिकतो याचे खरे कारण त्याच्या इंजिनात आहे. डिझेल पंप पूर्णपणे यांत्रिक असल्याने एकदा सुरू झालेल्या इंजिनाला बॅटरीची गरज उरत नाही. म्हणूनच सेल्फ (बॅटरीवर चालणारा स्टार्टर) गेलेला ट्रॅक्टर मालक रात्री उतारावर लावतो, म्हणजे सकाळी नुसता सोडून गिअरमध्ये चालू करता येतो. टाकी कोरडी पडून पंपाने 'हवा धरली', तर फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा आणि हातपंप मारत राहायचा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग डिझेलची सलग धार. धार आली की स्क्रू आवळायचा. हे बहुतेक शेतकरी स्वतः करतात. लायनर-पिस्टन बदलून 'इंजिन बांधायला' मात्र तालुक्याच्या मिस्त्रीकडेच जावे लागते.

मळणीच्या धुळीत ऑइलबाथ एअर फिल्टर, म्हणजे तेलाच्या वाटीत धूळ अडवणारा हवेचा फिल्टर, उपयोगी पडतो. वाटीतले तेल गाळाने दाट झाले की ती डिझेलने धुवायची आणि नवे तेल भरायचे, विकतचा कागदी फिल्टर लागत नाही. आयशरचे इंजिन हवेने थंड होते, त्याला रेडिएटरच नाही, त्यामुळे बोअरच्या जड पाण्याने क्षार साचण्याची कटकट नाही. पण फिन्समधला (इंजिनावरच्या थंडाव्यासाठीच्या पट्ट्यांमधला) भुसा काढला नाही, तर तेही तापतेच.

सुट्या भागांची गोष्ट मेकवर अवलंबून आहे. मॅसीच्या मापाचे भाग सहज मिळतात. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायला केंद्र सरकारने 2016 मध्ये मंजुरी दिली. एचएमटीच्या मालकांना सुट्या भागांसाठी भंगारातल्या दुसऱ्या गाडीवर नजर ठेवावी लागते. जड स्टिअरिंग आणि कमजोर ब्रेक यांची सवय होते. उघड्या पीटीओ शाफ्टची (मळणीयंत्रासारखी यंत्रे चालवणाऱ्या ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्याची) सवय होऊ देऊ नये. मळणीच्या घाईत धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर त्यात गुंतला, तर क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही.