वयानुसार त्वचेची निगा: हा तक्ता आला कुठून?

विशीत सनस्क्रीन, तिशीत रेटिनॉल, चाळिशीत जरा जड क्रीम, पन्नाशीनंतर आणखी जड. साठीच्या रकान्यात 'प्रौढ त्वचा' एवढ्यावर भागवलेलं असतं आणि ऐंशीचा रकाना बहुधा नसतोच. हा तक्ता इतक्या ठिकाणी छापून येतो, की कुणीतरी नीट विचार करून तो एकदाच मांडला असावा असं वाटतं. तसं काही झालेलं नाही. त्यातला एकेक रकाना वेगवेगळ्या लोकांनी, भलत्याच कामाच्या ओघात भरला. त्यातल्या निम्म्या लोकांना सौंदर्याशी काही देणंघेणंही नव्हतं.

सुरकुत्या घालवण्याचा खटाटोप मात्र फार जुना. इ.स.पू. 1600 च्या सुमाराचा एडविन स्मिथ पपायरस नावाचा इजिप्शियन दस्तऐवज मुख्यतः जखमा आणि मोडलेल्या हाडांबद्दल आहे. त्यात 48 रुग्णांची टिपणं आहेत, अगदी शल्यवैद्याच्या वहीसारखी. त्याच्या मागच्या बाजूला म्हाताऱ्याला तरुण करण्याची कृती लिहिलेली आहे. एका फळाच्या बिया काढायच्या, उकळायच्या, धुवायच्या, वाळवून दळायच्या आणि तयार झालेला लेप मौल्यवान दगडाच्या भांड्यात भरून ठेवायचा. शेवटी शेरा असा, की असंख्य वेळा गुण आलेला आहे. महागडी बाटली आणि खात्रीची जाहिरात, दोन्ही तेव्हापासूनच्या.

दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्याच्या नावावर जमा झालेलं कोल्ड क्रीम म्हणजे मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी. त्यातलं पाणी उडून जाताना त्वचेला गार वाटतं, म्हणून ते 'कोल्ड'. पुढची सतराशे वर्षं मूळ कल्पना फारशी बदलली नाही. 1872 मध्ये व्हॅसलीनचं पेटंट निघालं, 1882 मध्ये मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून लॅनोलिन आलं, आणि 1911 मध्ये पाणी व तेल टिकाऊपणे एकत्र धरून ठेवणारं निव्हिया क्रीम. या सगळ्यांचं काम एकच, पाणी त्वचेतून निसटू न देणं. कोरडी त्वचा आक्रसते आणि बारीक रेषा उठून दिसतात. ओलावा मिळाला की त्या भरल्यासारख्या वाटतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे वाईट नाही, पण याला वय थांबवणं म्हणता येत नाही. शिशाची पांढरी भुकटी चेहऱ्याला थापून सुरकुत्या झाकण्यापेक्षा तर नक्कीच बरं, आणि तेही युरोपात शतकानुशतकं चाललं.

निव्हियामागच्या मंडळींमध्ये पाउल गेर्सोन उन्ना नावाचे त्वचारोगतज्ज्ञ होते. राहायला हॅम्बुर्गला, म्हणजे बंदरात. त्वचेच्या कापांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करणाऱ्या या माणसाने 1894 मध्ये खलाशांच्या त्वचेचं वर्णन केलं. ती जाड, खरखरीत, डागाळलेली आणि आतून बिघडलेली होती. दोनच वर्षांनी बोर्दोमध्ये विल्यम द्युब्रेय यांना द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या चेहऱ्या-मानेवर खवले आणि कर्करोगाच्या गाठी दिसल्या. कपड्याखालची त्वचा मात्र ठीक. वय आणि ऊन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे पहिल्यांदा नीट दिसलं. पडताळून पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. कुठल्याही साठीच्या माणसाने हाताचा पंजा पालथा करून दंडाच्या आतल्या बाजूशेजारी धरावा. दोन्ही कातड्या एकाच वयाच्या, पण दिसायला वीस वर्षांचा फरक.

हे कळून वीस-तीस वर्षं होतात न होतात तोच उलटं वारं सुटलं. 1920 च्या दशकात गोऱ्यांच्या जगात रापलेला रंग ही मिरवायची गोष्ट झाली. 1930 च्या दशकात बाजारात आलेली सनस्क्रीन तेलं उन्हापासून वाचवण्यासाठी नव्हतीच. भाजून न घेता जास्त वेळ उन्हात पडता यावं, हा त्यांचा हेतू. आज प्रत्येक ट्यूबवर दिसणारा एसपीएफ हा आकडा त्याच मुशीतला. त्वचा लाल व्हायला किती जास्त ऊन लागतं, एवढंच तो मोजतो, आणि लाली येते ती मुख्यतः उन्हातल्या यूव्हीबी या अतिनील किरणांमुळे. त्वचेत खोल जाणारे यूव्हीए किरण लाली न आणताही आपलं काम करत राहतात, आणि साधी काच त्यांना फारशी अडवत नाही.

त्याचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे 2012 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेलं एक छायाचित्र. 69 वर्षांचा गृहस्थ, 28 वर्षं मालवाहू ट्रक चालवलेला. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला शोभेल अशी. डावी, म्हणजे खिडकीकडची (अमेरिकेत चालक डावीकडे बसतो), जाड, लोंबती आणि खोल चरांनी भरलेली. जणू नांगरलेलं रान. अर्धा चेहरा झाकून पाहिला तर माणूस बदलतो.

चित्र बोलकं खरं, पण एका माणसाचं. आकडे ऑस्ट्रेलियातून आले. नॅम्बर या गावी 1992 ते 1996 या काळात झालेल्या प्रयोगात 55 च्या आतल्या 903 जणांचं हाताच्या पाठीवरचं कातडं तपासलं गेलं. रोज सनस्क्रीन लावायला सांगितलेल्या गटात साडेचार वर्षांत त्वचेचं वय वाढल्याचं मोजण्याइतकं दिसलं नाही. मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत हा बिघाड 24 टक्क्यांनी कमी होता. निष्कर्ष 2013 मध्ये छापून आला. विशीचा रकाना आज ज्या खात्रीने भरला जातो, त्यामागे हे आहे. माझ्या मते अख्ख्या तक्त्यातला हाच सगळ्यात भक्कम भाग, आणि विशीतल्या माणसाला पटायला सगळ्यात कठीणही. फळ दिसायला तीस वर्षं थांबायचं!

तिशी-चाळिशीच्या रकान्याची गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेलं, रेटिनॉलच्याच कुळातलं ट्रेटिनॉइन मुरमांवर चालतं, हे फिलाडेल्फियातले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी 1969 मध्ये दाखवलं आणि 1971 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. वयाने मोठ्या बायका मुरमांसाठी ते लावू लागल्या आणि येऊन सांगू लागल्या की मुरमं गेली ती गेलीच, रेषाही कमी झाल्यात. क्लिगमन यांनी हे मनावर घेऊन 1986 मध्ये उन्हाने बिघडलेल्या त्वचेवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. 1988 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या गटाने 30 जणांवर 16 आठवडे काटेकोर तुलना केली. सुधारणा खरी निघाली. बहुतेकांची त्वचा लाल होऊन सोलली, तीही खरी. बातमी फुटताच ट्यूबवर उड्या पडल्या. सुरकुत्यांसाठी म्हणून अधिकृत परवानगी यायला मात्र 1995 साल संपत आलं.

पण याच क्लिगमन यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपासून 1974 पर्यंत होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या त्वचेवर तऱ्हेतऱ्हेची रसायनं आणि औषधं तपासली. कैद्यांना थोडे पैसे मिळत; आपल्या अंगावर नेमकं काय लावलं जातंय याची पुरती माहिती मिळत नसे. त्या काळच्या त्वचाशास्त्राचा बराच पाया या अशा पाठींवर रचलेला आहे. रेटिनॉलच्या बाटलीवर हे कुणी छापत नाही. गरोदरपणात किंवा त्या बेतात असताना ही औषधं टाळावीत, ही जास्त कामाची सूचनाही कित्येकदा बारीक अक्षरातच असते, आणि तिशीचा रकाना नेमका त्याच वयाचा.

1980 च्या दशकात 'पेशी दुरुस्त करणाऱ्या' क्रीमांचा सुळसुळाट झाला. पहिलं हृदय-प्रत्यारोपण करणारे ख्रिस्तियान बर्नार्ड यांनीही 1986 मध्ये ग्लायसेल या महागड्या क्रीमला आपलं नाव दिलं आणि स्वतःची शोभा करून घेतली. अमेरिकी औषध प्रशासनाने कंपन्यांना खडसावलं: शरीराची रचना किंवा कार्य बदलतो म्हणाल तर ते औषध, मग पुरावा आणा. तेव्हापासून लेबलांवर 'सुरकुत्या घालवतं' ऐवजी 'सुरकुत्या कमी दिसतात' असं लिहिलं जाऊ लागलं. 'दिसतात' हे क्रियापद वकिलांचं आहे.

पन्नाशीचा रकाना हाडांच्या अभ्यासातून आला. रजोनिवृत्तीनंतर हाडं ठिसूळ झालेल्या बायकांची त्वचाही पातळ असते, हे अमेरिकी हार्मोनतज्ज्ञ फुलर अल्ब्राइट यांच्या 1941 मध्येच नजरेत आलं होतं. 1980 च्या दशकात मोजमापं झाली. पाळी थांबल्यावरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजेन, म्हणजे तिला बळकटी देणारं प्रथिन, सुमारे 30 टक्क्यांपर्यंत घटतं, पुढे वर्षाला साधारण दोन टक्के. म्हणजे बाईची त्वचा वर्षांच्या हिशेबाने सरळ उतरत नाही, मध्येच एक पायरी खचते. 48 व्या वर्षी लागणारी क्रीम 53 व्या वर्षी अचानक पुरेनाशी का होते, ते यातून कळतं. त्वचेसाठी हार्मोन घेण्याची टूम एकेकाळी होती. 2002 मध्ये अमेरिकेतला हार्मोनांचा मोठा अभ्यास धोके दिसल्याने अर्ध्यात थांबवावा लागला, आणि केवळ त्वचेसाठी हार्मोन सुचवणं मागे पडलं.

हे सगळे धागे एका तक्त्यात बांधले ते अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ रिचर्ड ग्लोगाऊ यांनी, 1990 च्या दशकात. पहिल्या गटात सुरकुत्या नाहीत, दुसऱ्यात हसता-बोलताना दिसतात, तिसऱ्यात चेहरा स्थिर असतानाही, चौथ्यात सुरकुत्याच सुरकुत्या. प्रत्येक गटापुढे ढोबळ वय. डॉक्टरांच्या सोयीसाठी केलेली ही वर्गवारी होती, तीही उन्हाने झालेल्या नुकसानीची. बाजाराने त्यातलं वय उचललं आणि ऊन वगळलं.

ऐंशीचा रकाना कुणी भरला? परिचारिकांनी. अंथरुणाला खिळलेल्याला जखम झाली तर दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 मध्येच बजावलं होतं. 1962 मध्ये डोरीन नॉर्टन यांनी अशा जखमेचा धोका मोजायची पट्टी बनवली. पण म्हाताऱ्या त्वचेचं आणखी एक दुखणं बराच काळ कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. ज्याने कुणी आजारी आजीला उचलून खुर्चीत बसवलंय, त्याला ते माहीत असतं. मनगट जरा घट्ट धरलं की जांभळा डाग उमटतो, चिकटपट्टी काढली की पट्टीबरोबर साल निघून येते, आणि त्रिकोणी तुकडा ओल्या कागदासारखा उलटा पडतो. जेनेव्हातल्या दोन तज्ज्ञांनी 2007 मध्ये या अवस्थेला हाडं ठिसूळ करणाऱ्या ऑस्टिओपोरोसिसच्या धर्तीवर 'डर्माटोपोरोसिस' असं नाव सुचवलं, म्हणजे आधी दिसायला कशी याचा विषय असलेली त्वचा आता टिकते का याचा विषय झाली.

2014 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वृद्धाश्रमांमधला एक अभ्यास छापून आला. 14 ठिकाणं, 980 खाटा. अर्ध्या ठिकाणी हातापायांना रोज दोनदा साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायचं, बाकी ठिकाणी नेहमीची काळजी. रोज दोनदा लावणाऱ्यांमध्ये सहा महिन्यांत साल निघण्याच्या जखमा जवळजवळ निम्म्या झाल्या. या मॉइश्चरायझरचं काम गॅलेनच्या मेण-तेलासारखंच होतं, पाणी निसटू न देणं. फक्त ते लावायला रोज दोनदा कुणीतरी शेजारी येऊन बसत होतं.