स्वीडन : 1986 मधील घडामोडी

स्वीडनच्या अलीकडच्या इतिहासात 1986 हे वर्ष पंतप्रधान ओलोफ पाल्मे (1927–86) यांच्या हत्येचे वर्ष म्हणून ओळखले जाते. 1792 मध्ये राजा तिसरा गुस्ताव्ह याच्यावर मुखवट्यांच्या नृत्यसमारंभात गोळी झाडली गेली होती. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे देशाच्या सर्वोच्च सत्ताधाऱ्याचा असा अंत झाला नव्हता. चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेचा पश्चिमेकडे लागलेला पहिला सुगावा, स्टॉकहोम परिषदेचा करार आणि भारताशी झालेला बोफोर्स तोफांचा व्यवहार हे सारे याच वर्षातले. हत्येवरील लिखाणाचा व्याप मात्र इतका अवाढव्य आहे की वर्षाचे बाकीचे चित्र त्यामागे दडून जाते.

राजकीय पार्श्वभूमी : सप्टेंबर 1985 च्या निवडणुकीत 349 जागांच्या रिक्सडागमध्ये (संसदेत) सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला 159 जागा मिळाल्या. डाव्या कम्युनिस्ट पक्षाच्या 19 सदस्यांच्या भरवशावर पाल्मे यांचे अल्पमतातले सरकार चालू राहिले. 21 फेब्रुवारी 1986 रोजी स्टॉकहोममध्ये दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरोधी ‘लोकसंसद’ भरली. तिला आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष ऑलिव्हर टॅम्बो उपस्थित होते. वर्णभेद सुधारता येत नाही, तो नष्टच करावा लागतो, अशी भूमिका पाल्मे यांनी तेथे मांडली. आठवड्याभरात त्यांची हत्या झाल्यामुळे या भाषणाकडे पुढे संशयाचा एक धागा म्हणून पाहिले गेले.

हत्या : 28 फेब्रुवारीला, शुक्रवारी, पाल्मे यांनी आपल्या अंगरक्षकांना दुपारीच मोकळे केले होते. संध्याकाळी पत्नी लिस्बेत यांच्यासह ते भुयारी रेल्वेने ग्रँड चित्रपटगृहात गेले. खेळ संपल्यावर मुलाचा निरोप घेऊन दोघे स्वेआव्हेगेन या हमरस्त्याने पायी घराकडे निघाले. टनेलगाटनच्या कोपऱ्यावर, रंगसाहित्याच्या एका दुकानासमोर, मागून आलेल्या इसमाने अगदी जवळून दोन गोळ्या झाडल्या. पहिली पाल्मे यांच्या पाठीत शिरली, दुसरी लिस्बेत यांच्या पाठीला चाटून गेली. मारेकरी टनेलगाटनमधून पळाला आणि टोकाच्या 89 पायऱ्या चढून दिसेनासा झाला. मध्यरात्रीनंतर सहा मिनिटांनी साबात्सबेर्य रुग्णालयात पाल्मे यांना मृत घोषित करण्यात आले. त्यामुळे काही परदेशी संदर्भग्रंथांत मृत्यूची तारीख 1 मार्च अशी आढळते. स्वीडिश ग्रंथ सहसा 28 फेब्रुवारी हीच तारीख देतात आणि येथे तीच ग्राह्य धरली आहे.

गोळीबाराची वेळ साधारणपणे रात्री 11 वाजून 21 मिनिटे अशी मानतात. ती टॅक्सी कंपनीच्या आणि पोलीस नियंत्रण कक्षाच्या नोंदी, तसेच साक्षीदारांच्या जबान्या जुळवून काढलेली आहे. त्यामुळे एखाद्या मिनिटाचा फरक गृहीत धरणे बरे. आणीबाणीच्या क्रमांकावर आलेला एक फोन योग्य ठिकाणी पोहोचलाच नाही. पोलिसांना खबर मिळाली ती मुख्यतः टॅक्सीच्या यंत्रणेमार्फत. देशभर इशारा गेला तो पहाटे 2 वाजून 5 मिनिटांनी. घटनास्थळी घातलेले कडे इतके तोकडे होते की लोक फुले ठेवायला रक्ताच्या थारोळ्यापाशी येत राहिले.

गोळ्यांचा प्रश्न : दोन्ही गोळ्या पोलिसांना नव्हे, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांना सापडल्या. एक दुसऱ्या दिवशी सकाळी आणि दुसरी त्याच्या पुढच्या दिवशी. त्या .357 मॅग्नम जातीच्या, पत्रा भेदू शकणाऱ्या कठीण आवरणाच्या होत्या. अशा ठिकाणी, अशा उशिराने मिळालेला पुरावा खरा कशावरून, अशी शंका काही अभ्यासकांनी घेतली. शिशाच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) प्रमाण खाणीगणिक, पर्यायाने गोळ्यांच्या उत्पादनागणिक बदलते. पाल्मे पतिपत्नींच्या कपड्यांवरील शिशाचे कण आणि सापडलेल्या गोळ्यांतील शिसे यांची तुलना केल्यावर दोन्ही जुळले. हा पुरावा निर्णायक नसला तरी गोळ्या खऱ्या असल्याच्या बाजूचा आहे, आणि गोळ्या नंतर आणून टाकल्याचा तर्क त्यापुढे टिकणे अवघड दिसते. शस्त्र रिव्हॉल्व्हरच होते हे अनुमान मुख्यतः घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या न मिळाल्यामुळे (रिव्हॉल्व्हरमधून त्या बाहेर पडत नाहीत) आणि गोळीच्या जातीवरून काढले आहे. ते शस्त्र कधीच सापडले नाही. शेकडो रिव्हॉल्व्हरांतून चाचणीदाखल गोळ्या झाडूनही निष्कर्ष निघाला नाही.

तपास : स्टॉकहोमचे पोलीसप्रमुख हान्स होल्मेर यांनी तपासाची सूत्रे स्वतःकडे घेतली. खुनाच्या तपासाचा अनुभव असलेल्या अधिकाऱ्याकडे ते काम जायला हवे होते, ही टीका नंतरच्या चौकशी आयोगांनीही उचलून धरली. मार्चमध्ये 33 वर्षांच्या एका संशयिताला अटक झाली, पण त्याला सोडून द्यावे लागले. त्यानंतर होल्मेर यांनी सगळा भर कुर्दिश कामगार पक्षावर (तुर्कस्तानातील कुर्दांच्या सशस्त्र संघटनेवर) ठेवला. तो धागा फोल ठरला आणि 1987 च्या आरंभी ते तपासातून बाहेर पडले. 1989 मध्ये क्रिस्टर पेटरसन या गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या इसमाला जिल्हा न्यायालयाने दोषी ठरवले, परंतु त्याच वर्षी अपील न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. लिस्बेत यांनी त्याला ओळखले होते, पण ओळखपरेड ज्या पद्धतीने घेतली गेली ती पाहता अपील न्यायालयाचा निर्णय अधिक सयुक्तिक वाटतो. दक्षिण आफ्रिकेच्या गुप्तहेर यंत्रणेचा हात असल्याचा आरोप 1996 मध्ये तेथील एका माजी पोलीस अधिकाऱ्याने केला. जून 2020 मध्ये सरकारी अभियोक्त्याने, सुरुवातीला साक्षीदार म्हणून पुढे आलेल्या स्टिग एंगस्ट्रम यांचे नाव संशयित म्हणून जाहीर करून प्रकरण बंद केले. एंगस्ट्रम 2000 सालीच वारले होते. आरोप न्यायालयापुढे कधी आला नाही, आणि पुराव्याच्या तोकडेपणावर तेव्हाच टीका झाली. खुनाच्या खटल्यांसाठी असलेली 25 वर्षांची मुदत 2010 मध्ये उठवण्यात आली नसती, तर प्रकरण 2011 मध्येच कालबाह्य झाले असते.

सत्तांतर : उपपंतप्रधान इंगव्हार कार्लसन यांनी त्याच रात्री कारभार हाती घेतला आणि 12 मार्चला रिक्सडागने त्यांची पंतप्रधान म्हणून निवड केली. 15 मार्चच्या अंत्यविधीला पंतप्रधान राजीव गांधी यांच्यासह अनेक राष्ट्रप्रमुख स्टॉकहोमला आले. दफन आडोल्फ फ्रेडरिक चर्चच्या आवारात झाले. हत्येच्या जागेपासून ते काही मिनिटांच्या अंतरावर आहे. टनेलगाटनच्या काही भागाला पुढे पाल्मे यांचे नाव देण्यात आले. विरोधी पक्षांतही याच वर्षी बदल झाले. सेंटर पक्षाची धुरा कारीन सोडर यांच्याकडे आली. मोठ्या स्वीडिश पक्षाच्या त्या पहिल्या महिला नेत्या होत. मॉडरेट पक्षाचे नेतृत्व कार्ल बिल्ट यांच्याकडे गेले. ते 1991 मध्ये पंतप्रधान झाले.

भारताशी संबंध : अण्वस्त्रबंदीसाठी भारत, स्वीडन, मेक्सिको, अर्जेंटिना, ग्रीस व टांझानिया या सहा देशांनी घेतलेल्या पुढाकारात पाल्मे व राजीव गांधी बरोबरीने होते. 1985 सालचा जवाहरलाल नेहरू पुरस्कार पाल्मे यांना मरणोत्तर देण्यात आला. दिल्लीत त्यांच्या नावाचा रस्ता आहे. हत्येनंतर महिन्याच्या आतच, 24 मार्च 1986 रोजी, कार्ल्सकुगा येथील बोफोर्स कंपनीशी भारताने 155 मिमी. व्यासाच्या 400 तोफांचा सुमारे 1,437 कोटी रुपयांचा करार केला. दलालीचा आरोप स्वीडिश रेडिओने एप्रिल 1987 मध्ये प्रसारित केला, तोवर 1986 च्या स्वीडिश वृत्तपत्रांसाठी ही प्रामुख्याने रोजगाराची बातमी होती. करार आणि हत्या यांचा संबंध जोडणारे तर्क मांडले गेले आहेत. त्यांना आधार देणारा पुरावा पुढे आलेला नाही.

किरणोत्सर्ग : 28 एप्रिलच्या सकाळी उपलांड किनाऱ्यावरील फोर्शमार्क अणुवीजकेंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सर्ग आढळला. तो बाहेर जाताना नव्हे, आत येताना. आपल्याच केंद्रात गळती झाली असावी, असा पहिला समज होऊन कर्मचाऱ्यांना बाहेर काढण्यात आले. नंतर इतर केंद्रांतूनही तशाच नोंदी आल्या. हवेतील समस्थानिकांच्या मिश्रणावरून हा बाँब नसून अणुभट्टी असल्याचे कळले, आणि वाऱ्याच्या दिशेवरून ती सोव्हिएत संघात असल्याचे. त्याच रात्री मॉस्कोने चेर्नोबिल दुर्घटनेची त्रोटक कबुली दिली.

ढग वरून जात असताना जेथे पाऊस पडला, तेथे सीझियम-137 हे किरणोत्सर्गी द्रव्य जमिनीवर उतरले. येव्हले शहराचा परिसर, व्हेस्टरनोरलांड आणि व्हेस्टरबॉटनचा काही भाग यांना याची सर्वाधिक झळ बसली. दुर्घटनेत बाहेर पडलेल्या सीझियम-137 पैकी सुमारे 5 टक्के स्वीडनमध्ये उतरल्याचा अंदाज आहे. सामी या उत्तर स्कँडिनेव्हियातील रेनडिअरपालक मूळ रहिवाशांपैकी दक्षिणेकडच्यांचे नुकसान वेगळ्या प्रकारचे होते. रेनडिअर हिवाळ्यात दगडफूल खातात. त्याला मुळे नसल्याने ते सारे पोषण हवेतून व पावसातून घेते, म्हणून सीझियम त्यात साचते. खाद्यपदार्थांसाठी किलोमागे 300 बेकरेल (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) ही मर्यादा घातल्यावर रेनडिअरचे बरेचसे मांस टाकून द्यावे लागले. 1987 मध्ये रेनडिअर, शिकार, गोड्या पाण्यातील मासे, रानफळे व अळंबी यांच्यासाठी ती 1,500 पर्यंत वाढवण्यात आली. सरकारने भरपाई दिली, पण मांस विकता न येण्यापेक्षा ते घरात खाता न येणे सामी कुटुंबांना अधिक जाचक होते. सीझियम-137 चे अर्धे आयुष्य (ते निम्मे उरण्यास लागणारा काळ) सुमारे 30 वर्षांचे असल्याने रेनडिअरच्या मांसाची तपासणी पुढे अनेक वर्षे करावी लागली.

स्टॉकहोम परिषद : युरोपातील लष्करी हालचालींबाबत परस्परविश्वास वाढवण्यासाठी 35 राष्ट्रांची परिषद जानेवारी 1984 पासून चालू होती. किमान 13,000 सैनिक किंवा किमान 300 रणगाडे असलेल्या हालचालीची सूचना 42 दिवस आधी द्यायची आणि जागेवरच्या तपासणीला मुभा द्यायची, असे तिच्यात ठरले. कराराची अधिकृत तारीख 19 सप्टेंबर असली तरी बोलणी त्यानंतरही चालूच होती. मुदत उलटू नये म्हणून सभागृहातील घड्याळ बंद ठेवण्यात आले होते. त्यामुळे ग्रंथांत 19 ते 22 सप्टेंबरपर्यंतच्या वेगवेगळ्या तारखा मिळतात.

संस्कृती : तिसऱ्या गुस्ताव्हने स्थापन केलेल्या स्वीडिश अकादमीला 200 वर्षे झाली. भाषाशास्त्रज्ञ स्टुरे आलेन तिचे स्थायी सचिव झाले आणि अकादमीच्या शब्दसूचीची अकरावी आवृत्ती निघाली. साहित्याचे नोबेल नायजेरियाचे वोले शोयिंका यांना मिळाले. आफ्रिकी लेखकाला ते प्रथमच मिळत होते. दिग्दर्शक इंगमार बेर्गमन यांनी डिसेंबरमध्ये स्टॉकहोमच्या शाही नाट्यगृहात ‘हॅम्लेट’ सादर केले. गॉटलांड बेटावर चित्रित झालेला आंद्रेई तारकोव्हस्की यांचा अखेरचा चित्रपट मे महिन्यात कान येथे गौरवला गेला. लोकप्रिय संगीतात ‘युरोप’ या वाद्यवृंदाला जगभर यश मिळाले, तर ‘रॉक्सेट’ची सुरुवात याच वर्षी झाली.

निधन : आल्व्हा म्यूर्डाल 84 वा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 1 फेब्रुवारीला वारल्या. समाजशास्त्रज्ञ, मंत्री, निःशस्त्रीकरणाच्या पुरस्कर्त्या आणि 1982 च्या शांतता नोबेलच्या सहमानकरी असलेल्या म्यूर्डाल 1961 पर्यंत भारतात स्वीडनच्या राजदूत होत्या. त्यांचे पती, अर्थशास्त्रज्ञ गुन्नार म्यूर्डाल यांचा दक्षिण आशियाच्या दारिद्र्यावरील बृहद्ग्रंथ दिल्लीतील त्याच वास्तव्याच्या काळात आकाराला येऊ लागला. पाल्मे यांच्या हत्येमुळे आल्व्हांच्या निधनाची दखल जेवढी घेतली जायला हवी होती तेवढी घेतली गेली नाही, असे म्हणण्यास जागा आहे. तंतुवाद्यांसाठीच्या सेरेनेडमुळे लोकांना परिचित असलेले संगीतकार डाग व्हिरेन एप्रिलमध्ये, तर बेर्गमन यांच्या चित्रपटांतील नट गुन्नार ब्यॉर्नस्ट्रांड मे महिन्यात निवर्तले. अमेरिकन वाद्यवृंद ‘मेटॅलिका’चा बास गिटारवादक क्लिफ बर्टन 27 सप्टेंबरला पहाटे यूंगबी गावाजवळ बस उलटून मरण पावला.