टाचेचा आकडा आणि दहा वर्षांचा हिशेब

बेळगावात, शहापूर-वडगावकडे मोफत हाड तपासणीचं शिबिर भरलं की बायकांची रांग लागते. टाचेला जेल लावतात, मशीन मिनिटभर चालतं आणि हातात चिठ्ठी पडते: ‘उणे २.६’. झालं, आता हाड मोडणारच म्हणून घरभर काळजी, आणि तिथेच कॅल्शियमच्या डब्यांची विक्री!

तरुण निरोगी बाईच्या मानाने हाडांची घनता किती कमी, हे हा आकडा सांगतो. उणे २.५ ला हाडं ठिसूळ धरायची, ही रेषा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये दिली. ती क्ष-किरणांनी घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीसाठी आहे. टाचेच्या अल्ट्रासाउंडला जशीच्या तशी लागू होत नाही. शिवाय फ्रॅक्चर झालेल्या कितीतरी बायकांची घनता या रेषेच्या वरच असते.

म्हणून ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठातल्या जॉन केनिस यांच्या गटाने २००८ मध्ये ‘फ्रॅक्स’ हे संगणकावरचं गणित आणलं. वय, वजन, उंची, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांचा मोडलेला खुबा, धूम्रपान, दारू, रुमॅटॉइड संधिवात, स्टेरॉइड असं विचारून ते पुढच्या दहा वर्षांतली फ्रॅक्चरची शक्यता सांगतं. डेक्साचा आकडा असला तर उत्तम, नसला तरी चालतं.

यातली खरी गंमत मृत्यूच्या हिशेबात आहे. समजा, खूप वयस्कर शंभर जणी आहेत आणि ज्यांचा खुबा अजून शाबूत आहे त्यांच्यातल्या ५ टक्के जणींचा तो दरवर्षी मोडतो. मृत्यू धरलाच नाही, तर दहा वर्षांत ४० जणींचा मोडेल. पण दरवर्षी १० टक्के जणी वारतही असतील, तर दुसऱ्या वर्षी ते ५ टक्के उरलेल्या ८५ जणींवरच लागतात, तिसऱ्या वर्षी साधारण ७२ जणींवर. दहा वर्षांची बेरीज येते फक्त २७. फ्रॅक्स हे दोन्ही धोके एकत्र चालवतं. विडी-सिगारेट हाडही पोखरते आणि आयुष्यही, म्हणून ती दोन्हीकडे मोजावी लागते. देशोदेशीचे मृत्युदर वेगळे, म्हणून भारताचं कोष्टकही वेगळं.

स्टेरॉइडच्या प्रश्नाला मात्र आपल्याकडे हमखास चुकीचं उत्तर जातं. रोज ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन (एक स्टेरॉइड) तीन महिने घेतलं, तरी उत्तर ‘हो’ द्यायचं असतं. गुडघेदुखीवरच्या बिननावाच्या ‘आयुर्वेदिक’ पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे, आणि घेणारीला त्याचा पत्ताच नसतो. मग खुबा मोडला की साडेसातीला बोल लावायचा! ती पुडी डॉक्टरांना नेऊन दाखवा.

निपाणीकडच्या तंबाखूच्या पट्ट्यातल्या बायकांनी आणखी एक करावं. फ्रॅक्स दातांना लावायच्या मिश्रीबद्दल विचारत नाही, वर्षात किती वेळा पडलात हेही विचारत नाही. या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगा.