ऑडिट लॉग चालू आहेत, पण कुठले?

गुगल क्लाउडवर ‘आमचे ऑडिट लॉग चालू आहेत’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर आधी विचारावं: कुठले? ऑडिट लॉग म्हणजे कुणी, कधी, काय केलं याच्या नोंदी. ॲडमिन ॲक्टिव्हिटी लॉग (सेटिंग, परवानग्या बदलल्याच्या नोंदी) बंद करताच येत नाहीत, तेव्हा ते चालू असण्यात आपलं काही कर्तृत्व नाही. डेटा ॲक्सेस लॉग (डेटा वाचल्या-लिहिल्याच्या नोंदी) मात्र बिगक्वेरी ही डेटा-विश्लेषणाची सेवा सोडली तर मुळात बंदच असतात. ते आपणच चालू करायचे.

समजा, सीक्रेट मॅनेजरमध्ये (गुपितं जपून ठेवायची सेवा) डेटाबेसचा पासवर्ड ठेवलाय. तो वाचायची परवानगी कुणी कुणाला दिली, हे ॲडमिन ॲक्टिव्हिटीत सापडतं. पासवर्ड प्रत्यक्षात कुणी, कधी वाचला, हे डेटा ॲक्सेसमध्ये. चोरीच्या तपासात हवं असतं ते दुसरं, आणि नेमकं तेच लिहिलेलं नसतं. मागाहून चालू केलं तरी जुन्या नोंदी उगवत नाहीत.

ॲडमिन ॲक्टिव्हिटीचे लॉग ‘रिक्वायर्ड’ बकेटमध्ये (बकेट म्हणजे लॉग साठवायची जागा) ४०० दिवस राहतात, ती मुदत बदलत नाही. डेटा ॲक्सेसचे ‘डिफॉल्ट’मध्ये ३० दिवस, वाढवायचे तर पैसे पडतात.

खरी गडबड होते ती सगळं एका जागी आणताना. संस्थेच्या पातळीवर सिंक (लॉग कुठे पाठवायचे हे ठरवणारा नियम) बनवून सर्व प्रोजेक्टचे लॉग एका वेगळ्या प्रोजेक्टात वळवता येतात. सिंकच्या सर्व्हिस अकाउंटला (माणसाचं नव्हे, प्रणालीचं खातं) तिथे ‘लॉग्ज बकेट रायटर’ एवढाच रोल, म्हणजे परवानग्यांचा संच, पुरतो (जवळपास सगळं बदलू देणारा एडिटर रोल देऊन मोकळं होणं हा निव्वळ आळस). लिहिण्याची बाजू इथे संपते. वाचण्याची बाजू मात्र फसवी आहे. मूळ प्रोजेक्टात ‘लॉग्ज व्ह्यूअर’ला डेटा ॲक्सेसच्या नोंदी दिसत नाहीत, त्यासाठी ‘प्रायव्हेट लॉग्ज व्ह्यूअर’ लागतो. दोन्ही प्रकार आपण बनवलेल्या एकाच बकेटमध्ये ओतले की ही भिंत सोबत येत नाही. तिथे चालतो ‘लॉग्ज व्ह्यू ॲक्सेसर’, आणि तो प्रोजेक्टवर अट न घालता दिला तर कुणी काय वाचलं याची सगळी यादी समोरच्याच्या हाती.

एकाच बकेटवर वेगवेगळे व्ह्यू (ठरावीक नोंदीच दाखवणाऱ्या खिडक्या) बनवून, रोलला अट लावूनही हे आवरता येतं. तरी मी दोन बकेट करतो. डेटा ॲक्सेसचा पसारा कितीतरी मोठा असतो, त्याला वेगळी मुदत हवी. शिवाय बकेट लॉक करायची, म्हणजे तिची मुदत पक्की करून टाकायची झाली तर तो निर्णय परतीचा नाही: लॉक निघत नाही, आणि मुदत पुरी न झालेल्या नोंदी आत असेतो बकेट काढूनही टाकता येत नाही.