दुर्बीण बाहेर काढतानाची सहा मिनिटं

ठाण्यात किंवा वाशीत डॉक्टर ‘खालून दुर्बीण करून घ्या’ म्हणतात, म्हणजे मोठं आतडं आतून बघायची कोलोनोस्कोपी, तेव्हा बहुधा रक्त पडत असतं आणि मूळव्याध समजून बरेच महिने मलमं लावून झालेली असतात. ही झाली निदानाची तपासणी. काहीच त्रास नसताना केलेली ती स्क्रीनिंग. बोलताना आपण दोन्हींना स्क्रीनिंगच म्हणतो, आणि खरा गुंता तिथेच आहे.

आतड्याच्या आतल्या भिंतीवर वाढणारे कोंब म्हणजे पॉलिप; ते दुर्बिणीतून तारेच्या फासाने काढणं न्यूयॉर्कमध्ये 1969 मध्ये सुरू झालं. पॉलिप काढले की कर्करोग टळतो, हे 1993 च्या अमेरिकन अभ्यासाने दाखवलं. मग प्रश्न आला बघणाऱ्याच्या नजरेचा. पन्नाशीपुढच्यांच्या स्क्रीनिंगमध्ये दर 100 पुरुषांपैकी किमान 25 जणांत आणि दर 100 स्त्रियांपैकी किमान 15 जणींत अ‍ॅडिनोमा, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकणारा पॉलिप, सापडावा, असा मापदंड 2002 मध्ये अमेरिकेत सुचवला गेला. आतड्याची भिंत मुख्यतः बघितली जाते ती दुर्बीण बाहेर काढताना; ती सावकाश, सहा मिनिटांहून जास्त वेळ घेऊन बाहेर काढणाऱ्यांना 28.3 टक्के लोकांत गाठी दिसल्या, घाई करणाऱ्यांना 11.8 टक्क्यांत, हा 2006 चा अभ्यास. पुढे 2010 मध्ये पोलंडहून आकडे आले: ज्या डॉक्टरांचं अ‍ॅडिनोमा सापडण्याचं प्रमाण 20 टक्क्यांखाली, त्यांच्या रुग्णांना नंतर कर्करोग निघण्याचा धोका कितीतरी जास्त. नुसता वेळ मोजून भागत नाही हे खरं, कारण सहा मिनिटं भिंतीकडे न बघताही काढता येतात.

सुरक्षिततेचं माप त्या मानाने सोपं: स्क्रीनिंगमध्ये आतड्याला छिद्र हजारात एकाहून कमी वेळा पडावं.

वाद आहे 2024 च्या बदलाचा. अमेरिकेत अ‍ॅडिनोमा सापडण्याचा उंबरठा 35 टक्क्यांवर गेला, वेळ आठ मिनिटं झाली आणि निदानासाठी केलेल्या तपासण्याही मोजणीत आल्या. माझ्या मते हा शेवटचा बदल आपल्या कामाचा, कारण इथे निव्वळ स्क्रीनिंग होतेच किती? सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे. मोठं आतडं नाही. 35 चा आकडा मात्र जसाच्या तसा उचलू नये, आपल्याकडे अ‍ॅडिनोमाच कमी आढळतात. पण म्हणून मोजूच नये?

घोडबंदर रोडवरच्या एका शेजाऱ्यांचा रिपोर्ट परवा पाहिला. रात्रभर औषधाचं पाणी पिऊन, संडासाच्या फेऱ्या मारून मिळवलेला. ‘सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत) तपासणी, पोट साफ’ असं लिहिलेलं, चार रंगीत फोटो. बाहेर काढायला किती वेळ लागला, त्याचा रकानाच नव्हता.