काड्यांचे चौरस

सारख्या लांबीच्या काड्यांची एक मांडणी देऊन, तिच्यातील नेमक्या काही काड्या हलवून किंवा काढून टाकून सांगितल्या संख्येइतके चौरस करण्यास लावणारे कोडे. काडेपेटी घरोघरी असल्याने यासाठी बहुधा आगकाड्याच वापरतात. गुल असलेले टोक कोणत्या बाजूला आहे, याला मात्र येथे महत्त्व नसते. काडी मोडायची नाही, एकीवर दुसरी ठेवून लपवायची नाही आणि चौरसाचा भाग नसलेली एकही काडी शेवटी उरू द्यायची नाही, हे नियम सामान्यतः गृहीत धरले जातात. चौरस एकाच आकाराचे हवेत की नाही आणि काड्या एकमेकींना छेदून ठेवता येतात की नाही, हे मात्र कोड्यातच सांगावे लागते. अनेक कोडी ते सांगत नाहीत, आणि अशा कोड्यांवरचे बहुतेक वाद बुद्धीचे नसून शब्दरचनेचे असतात.

घासून पेटणाऱ्या काड्या इंग्लंडमधील जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने १८२७ मध्ये विक्रीस आणल्या. त्यामुळे या कोड्यांचे आजचे रूप त्यानंतरचेच आहे. ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करणारे डॅनिश शिक्षक सोफुस ट्रोमहोल्ट यांनी काड्यांच्या खेळांचा एक संग्रह १८८९ मध्ये लाइपझिग येथून प्रसिद्ध केला.

या कोड्यांची खरी किल्ली मोजणीत आहे. एका सुट्या चौरसाला चार काड्या लागतात. दोन चौरस शेजारी जोडले की मधली काडी दोघांची सामाईक होते आणि एक काडी वाचते. त्यामुळे सर्व चौरस एका काडीच्या बाजूचे असतील, तर चौरसांच्या संख्येची चौपट करून त्यातून हाताशी असलेल्या काड्यांची संख्या वजा केली असता किती काड्या सामाईक असाव्यात, ते एकही काडी न हलवता कळते. उदाहरणार्थ, बारा काड्यांच्या खिडकीसारख्या मांडणीत चार लहान चौरस असतात. चारची चौपट सोळा, म्हणून आतल्या चार काड्या सामाईक. याच मांडणीतील तीन काड्या हलवून तीन समान चौरस करण्यास सांगितले, तर तीनची चौपट बारा होते, म्हणजे उत्तरात एकही काडी सामाईक असू शकत नाही. मग कर्णावर समोरासमोर असलेले, केवळ एका कोपऱ्यात टेकणारे दोन चौरस जागेवर ठेवायचे. उरलेल्या चार बाहेरच्या काड्यांपैकी एक उभी काडी जागीच राहू द्यायची आणि बाकीच्या तिन्ही काड्या तिच्या बाहेरच्या अंगाला लावून तिसरा चौरस पूर्ण करायचा.

याच खिडकीतील दोन काड्या काढून दोन चौरस उरवा, असेही एक कोडे आहे. आतल्या चार काड्यांपैकी एकमेकींशी काटकोन करणाऱ्या दोन काढल्या की एक मोठा चौरस आणि त्याच्या कोपऱ्यात एक लहान चौरस राहतो. येथे ‘समान आकाराचे’ हे दोन शब्द घातले की कोडे सुटेनासे होते, कारण दोन लहान चौरसांना फार तर आठ काड्या लागतात आणि उरलेल्या दोन निरर्थक ठरतात. छेदण्यास परवानगी असेल तर दोनच काड्या हलवून सात चौरस होतात: एका कोपऱ्याच्या बाहेरच्या दोन काड्या उचलून उरलेल्या तीनपैकी एका चौरसात अधिकच्या चिन्हासारख्या ठेवल्या की त्याचे चार बारीक चौरस होतात. कागदाची पातळीच सोडली तर त्याच बारा काड्यांचा घन बनतो व त्याला सहा चौरस असतात.

उलट प्रकारचे कोडे चौरस मोडण्याचे. चार गुणिले चार घरांच्या जाळीला ४० काड्या लागतात आणि तिच्यात लहानमोठे मिळून १६ + ९ + ४ + १ = ३० चौरस असतात. एकही चौरस उरू नये यासाठी किमान किती काड्या काढाव्यात? एक काडी जास्तीत जास्त दोन लहान घरे मोडते, म्हणून १६ घरांना निदान आठ काड्या हव्यातच. पण आठच पुरल्या तर त्या सगळ्या आतल्या असाव्या लागतील आणि बाहेरचा मोठा चौरस अभंग राहील. म्हणून उत्तर नऊ येते. नऊ पुरतात हे प्रत्यक्ष मांडणी करून दाखवता येते, मात्र ती शोधणे या तर्काहून पुष्कळ किचकट आहे.

ठरावीक संख्येचे समान चौरस कमीत कमी किती काड्यांत बसतात, याचे उत्तर फ्रँक हरारी आणि हायको हार्बोर्थ या गणितज्ञांनी १९७६ मध्ये दिले: चौरसांच्या संख्येची दुप्पट, अधिक तिच्या वर्गमुळाची दुप्पट, ही दुसरी संख्या अपूर्णांकात आल्यास पुढचा पूर्णांक घ्यायचा. चार चौरसांना ८ + ४ = १२, पाचांना १० + ५ = १५ आणि नऊंना १८ + ६ = २४ काड्या पुरतात.

महाराष्ट्रातील शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत आकृतीतील चौरस मोजण्याचे प्रश्न असतात. तेथे काड्या हलवायच्या नसतात, तरी मोठे चौरस विसरण्याची चूक तीच होते. संगणकशास्त्रात या कल्पनेचे वेगळे रूप आढळते: वेगवेगळ्या, पण पूर्णांकात मोजलेल्या लांबीच्या काड्या दिलेल्या असतात आणि एकही न मोडता त्या सर्व वापरून एकच चौरस होतो का, हे ठरवायचे असते. एकूण लांबीला चाराने भाग जाणे आणि कोणतीही काडी त्या चतुर्थांशापेक्षा मोठी नसणे, या अटी आवश्यक आहेत, पण पुरेशा नाहीत. काड्या वाढत गेल्या की सर्व शक्य वाटण्या तपासण्याचे काम झपाट्याने वाढते, आणि कोणत्याही संचासाठी खात्रीने जलद चालणारी रीत आजवर सापडलेली नाही.